सनदेवाचून

भारतात ख्रिस्ती धर्माचा उपदेश करायला सरकारी कागद लागत नाही. ख्रिस्ती लग्न लावायला मात्र कायद्याने दिलेला अधिकार लागतो. १८७२चा भारतीय ख्रिस्ती विवाह कायदा या बाबतीत फार काटेकोर आहे. बिशपच्या हातून दीक्षा मिळालेला धर्मगुरू, चर्च ऑफ स्कॉटलंडचा पाळक, सरकारी परवाना असलेला धर्मोपदेशक, विवाह निबंधक आणि कलम ९खाली फक्त भारतीय ख्रिस्त्यांच्या लग्नांपुरता परवाना मिळालेला माणूस, एवढ्यांनाच तो अधिकार आहे. दुसऱ्या कुणी जाणूनबुजून लग्न लावलं तर कलम ६८प्रमाणे दहा वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. उपदेशाचं तसं नाही. राज्यघटनेच्या २५व्या कलमाने धर्म पाळण्याचं, आचरण्याचं आणि त्याचा प्रसार करण्याचं स्वातंत्र्य दिलं, ते देताना सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांची मर्यादा घातली. पण प्रसार करणाऱ्याचं शिक्षण किती, त्याला दीक्षा कुणी दिली, हे घटना विचारत नाही.

म्हणजे एखाद्या शेतमजुराने संध्याकाळी गावात चार माणसं जमवून येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनाचा अर्थ सांगितला, तर तहसीलदाराला त्यात बोलायचं काही कारण नाही. दुसऱ्या दिवशी त्याच माणसाने त्याच चौघांपैकी दोघांचं लग्न लावलं, तर त्याला वकील शोधावा लागेल. कायद्याची ही तऱ्हा गमतीची वाटते खरी, पण तिच्यात एक जुना अनुभव मुरलेला आहे. वारसा, जमीन, पगार, चर्चची इमारत असं काही पुढेमागे वादात सापडणारं असेल, तिथे कागद अटळ होतो. नुसत्या शब्दाचा प्रश्न असतो तिथे ऐकणाराच निवाडा करतो.

हा निवाडा तो कशाच्या जोरावर करतो, हे पाहायला खानदेश बरा.

दोंडाईचा सोडून ताप्तीच्या रेल्वेमार्गाने नंदुरबारकडे निघालं की वाटेत रनाळे लागतं. नंदुरबार तालुक्यातलं हे सपाटीवरचं गाव. इथून पश्चिमेला नवापूर. उत्तरेला तापी ओलांडली की शहादा आणि तळोदा. त्यापलीकडे सातपुड्यात अक्कलकुवा आणि धडगावचा मुलूख. १ जुलै १९९८ रोजी धुळ्यापासून वेगळा झालेला हा जिल्हा. २०११च्या जनगणनेत इथले शंभरातले जवळजवळ ६९ लोक अनुसूचित जमातींचे निघाले. अहिराणी, गुजरी, भिलोरी, मावची अशा बोली इथे शेजारी शेजारी नांदतात आणि बाजाराच्या दिवशी एकमेकींत मिसळतात. या पट्ट्यातल्या माणसाला कागद नसलेल्या धर्मशिक्षकाची सवय ख्रिस्ती प्रचारक यायच्या आधीपासून आहे. सप्ताहाला येणारा कीर्तनकार, पाड्यावरचा भगत, गळ्यात माळ घातलेला शेजारी. त्यांच्याकडे पदवी कुणी मागत नाही. पण चौकशी होत नाही असंही नाही. हा कुणाचा? घरी बायकोशी कसा वागतो? पितो का? घेतलेली उधारी फेडतो का? विद्यापीठाच्या तोंडी परीक्षेपेक्षा ही परीक्षा सोपी आहे असं समजू नये, कारण ती रोज असते.

याच जिल्ह्यात, तळोदा तालुक्यातल्या मोरवडला, १९३८ साली या परीक्षेचं एक मोठं उदाहरण घडलं. गुला महाराज हे एक गरीब भिल्ल. शाळा नाही, गादी नाही, कुणा गुरूची परंपरा नाही. त्यांनी आरतीसाठी लोक जमवायला सुरुवात केली आणि दारू सोडा, स्वच्छ राहा, चोरी करू नका असं सांगितलं. दर सोमवारी हजारो आदिवासी मोरवडला लोटू लागले. दारूचे गुत्तेवाले आणि सावकार अस्वस्थ झाले, सरकारही बिचकलं. गुला महाराज त्याच वर्षी वारले. काम त्यांचे भाऊ रामदास महाराज यांनी पुढे नेलं, आणि अनुयायी एकमेकांना ‘आप’ म्हणत म्हणून पंथालाही तेच नाव पडलं. ऑस्ट्रियातून आलेले कॅथलिक धर्मगुरू आणि मानववंशशास्त्रज्ञ स्टीफन फुक्स यांनी १९६५च्या आपल्या ग्रंथात भारतातल्या अशा बंडखोर प्रेषितांची नोंद केली, तिच्यात या चळवळीलाही जागा मिळाली. पदवीधर धर्मगुरूने निरक्षर भिल्लाच्या अधिकाराची इतक्या गंभीरपणे दखल घ्यावी, ही गोष्ट नोंदण्यासारखी आहे.

मोरवडचं आंदोलन ख्रिस्ती नव्हतं. पण नवापूर, अक्कलकुव्याकडे पुढे ख्रिस्ती मंडळ्या वाढल्या त्या ज्या मातीत वाढल्या, ती ही. सोडलेली दारू हाच उपदेशकाच्या खरेपणाचा दाखला, ही समजूत दोन्हीकडे सारखीच सापडते.

आता मिशनकडे. पश्चिम खानदेशात विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आलेली स्कँडिनेव्हियन अलायन्स मिशन ही अमेरिकेतल्या स्वीडिश आणि नॉर्वेजियन स्थलांतरितांची संस्था. तिचा संस्थापक फ्रेडरिक फ्रान्सन हा गावोगाव हिंडणारा स्वीडिश-अमेरिकी प्रवचनकार. १४ ऑक्टोबर १८९० रोजी त्याने न्यूयॉर्कजवळच्या ब्रुकलिनमध्ये प्रचारकांसाठी एक वर्ग सुरू केला. शेतमजूर, घरकाम करणाऱ्या मुली, कारागीर असे लोक आले. वर्ग साधारण दोन आठवड्यांचा. नंतर शिकागोत आणि इतर गावांत असेच वर्ग झाले आणि काही महिन्यांतच त्यांतली माणसं चीनच्या बोटीवर चढली. ग्रीक, हिब्रू, चर्चचा इतिहास, सूत्रबद्ध धर्मशास्त्र यांतलं जवळजवळ काहीच पदरी नाही. जुन्या मिशन संस्थांतल्या विद्वानांनी नाकं मुरडली, आणि त्यांचं सगळंच चूक होतं असं म्हणता येत नाही. परक्या देशात नुसत्या उत्साहाने माणसं पाठवली की काय होतं ते त्यांनी पाहिलं होतं. तरी नंदुरबार-नवापूरच्या भिल्ल आणि मावची मंडळ्यांची मुळं शोधत गेलं तर ती या पंधरा दिवसांच्या वर्गापाशी पोचतात. आज या भागातला कुणी पाळक घरगुती सभा घेणाऱ्या तरुणाला ‘तू सेमिनरीत गेला नाहीस’ म्हणून हिणवत असेल, तर त्याने हा इतिहास एकदा उलटून पाहावा.

याच मिशनच्या लोकांनी १९४२मध्ये नवापूरजवळ चिंचपाड्याला दवाखाना काढला. पुढे तो इमॅन्युएल हॉस्पिटल असोसिएशनकडे गेला आणि आजही चालू आहे. म्हणजे प्रचारकाच्या पदवीबद्दल बेफिकीर असलेल्या संस्थेला दवाखान्यात मात्र पदवीधर डॉक्टरच लागला. या विसंगतीकडे नंतर यावं लागेल.

मराठी ख्रिस्ती समाजात सनदेचा प्रश्न जातीच्या आणि रंगाच्या प्रश्नात गुंतलेला होता, हे विसरून चालत नाही. अमेरिकन मराठी मिशनचे पहिले लोक १८१३मध्ये मुंबईत उतरले. त्या मिशनने हरिपंत खिस्ती आणि रामकृष्ण मोडक यांना पाळकपदाची दीक्षा दिली ती १८५४मध्ये. मधली चाळीस वर्षं मराठी माणसं शिकवत होती, गावोगाव फिरत होती, कीर्तनं करत होती, बायबलच्या भाषांतराला हात लावत होती. दीक्षा तेवढी गोऱ्यांकडे होती. अँग्लिकन चर्चला पहिला भारतीय बिशप मिळायला १९१२ उजाडलं. ते वेदनायगम अझारिया. मद्रास ख्रिश्चन कॉलेजात शिकले, पण बी.ए.ची पदवी त्यांनी घेतलेली नव्हती. बिशप झाल्यावर आठ वर्षांनी केंब्रिजने त्यांना सन्मानाची डॉक्टरेट दिली. पदव्यांना असं मागून धावत येण्याची खोड आहे. इंग्लंडात जोडे शिवणारा विल्यम कॅरी बंगालमध्ये येऊन फोर्ट विल्यम कॉलेजात मराठी शिकवू लागला, १८०५मध्ये त्याने मराठीचं व्याकरण छापलं, आणि १८०७मध्ये अमेरिकेतल्या ब्राउन विद्यापीठाने त्याला डॉक्टर ऑफ डिव्हिनिटी केलं. त्याने आणि त्याच्या सोबत्यांनी काढलेल्या श्रीरामपूर कॉलेजला डेन्मार्कच्या राजाने १८२७मध्ये पदव्या देण्याची सनद दिली. आज भारतातल्या असंख्य पाळकांच्या बी.डी.वर श्रीरामपूरच्या सिनेटचा शिक्का असतो. पदवी नसलेल्या चांभाराच्या दारात पदव्यांची टांकसाळ उभी राहिली.

खानदेशातून थोडं दूर, पण या विषयाच्या अगदी गाभ्यात दोन माणसं उभी आहेत. एक पंडिता रमाबाई, दुसरे नारायण वामन टिळक. दोघांनीही सनद पाहिली, हाताळली आणि बाजूला ठेवली. पण दोघांचे रस्ते फार वेगळे.

रमाबाईंच्या घरात अधिकाराचा वाद त्यांच्या जन्माआधीच सुरू झाला होता. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी बायकोला संस्कृत शिकवलं, म्हणून त्यांना उडुपीला धर्मसभेपुढे जाऊन शास्त्राधाराने आपली बाजू मांडावी लागली. १८७४च्या आसपासच्या दुष्काळात आईवडील गेले. बहीणभाऊ पुराणं सांगत, पायी चालत देशभर फिरले आणि १८७८मध्ये कलकत्त्यात पोचले. तिथल्या पंडितांनी या विशीतल्या मुलीची परीक्षा घेऊन तिला ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. म्हणजे जिच्याकडे धर्मशिक्षकाची खरीखुरी, वादसभेत कमावलेली पदवी होती अशी बाई २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडात वाँटेजला बाप्तिस्मा घेते; आणि एका रात्रीत पुन्हा विद्यार्थिनी ठरते.

तिथल्या जोगिणींनी रमाबाईंवर प्रेम केलं यात शंका नाही. पण त्यांच्यातल्या सिस्टर जेराल्डीनची आणि रमाबाईंची पत्रं वाचताना सारखं जाणवतं की एक बाजू शिकवायला बसली आहे आणि दुसरी शिकून झाल्यासारखी प्रश्न विचारते आहे. त्रैक्याचा सिद्धान्त जसाच्या तसा मानायला रमाबाई तयार नव्हत्या. गळ्यातल्या क्रुसावर लॅटिन अक्षरं कशाला, संस्कृत का नकोत, असं त्यांनी विचारलं. अंडं घातलेलं पुडिंग खायला त्या तयार नव्हत्या. हा सगळा गर्व आहे, असं जेराल्डीनचं मत. ब्राह्मण पुरोहितांचं जू नुकतं कुठे मानेवरून उतरवलंय, आता दुसऱ्या पुरोहितांचं घ्यायचं नाही, अशा आशयाचं रमाबाईंचं उत्तर. चेल्टनहॅमच्या लेडीज कॉलेजात त्या संस्कृत शिकवू लागल्या. तिथे त्यांनी भारतात जाणाऱ्या इंग्रज तरुणांनाही शिकवावं असा विचार पुढे आला, तेव्हा मुंबईच्या आणि लाहोरच्या बिशपांनी हरकत घेतली. तरुण बाईने पुरुषांना शिकवलं तर भारतात तिची पत जाईल, असं कारण दिलं गेलं. कलकत्त्याच्या पंडितांनी जे दिलं, ते बिशप काढून घेत होते. हा पत्रव्यवहार अ. भि. शहा यांनी संपादित केला आणि तो १९७७मध्ये महाराष्ट्राच्या साहित्य संस्कृती मंडळातर्फे प्रसिद्ध झाला. एकोणिसाव्या शतकातल्या मराठी बाईने धर्मसत्तेशी घातलेला इतका थेट वाद दुसरा सापडणं कठीण.

त्या कधीच दीक्षित झाल्या नाहीत; त्या काळी स्त्रीला ते दारच नव्हतं. मग त्यांनी काय केलं? केडगावला जमीन घेतली, दुष्काळातल्या मुलींना आणून मुक्ती सदन उभारलं, तिथे छापखाना घातला, आणि हिब्रू व ग्रीक शिकून अख्खं बायबल एकटीने मराठीत आणलं. खिळे जुळवायला, छापायला, बांधायला आश्रमातल्याच बाया. १९२१मध्ये मुलगी मनोरमा गेली, ५ एप्रिल १९२२ला स्वतः रमाबाई गेल्या, आणि ग्रंथ १९२४मध्ये बाहेर पडला. खेड्यातल्या अल्पशिक्षित बाईला कळावं आणि हिंदू तत्त्वज्ञानाचा वास असलेले शब्द टळावेत, ही त्यांची कसोटी. तिच्यापायी भाषा ठिकठिकाणी अडखळते. चर्चांनी बायबल सोसायटीचंच भाषांतर वापरात ठेवलं आणि रमाबाईंचं बायबल बहुतेक कपाटात राहिलं. कष्ट, विद्वत्ता, चारित्र्य या कशातच उणीव नव्हती. पण मसुदा वाचून ‘बाई, हे वाक्य मराठीत असं म्हणत नाहीत’ असं सांगू शकेल असा बरोबरीचा माणूस त्यांच्याजवळ नव्हता, असं तो ग्रंथ चाळताना वाटत राहतं. सनद नाकारणाऱ्याने टीकाकार मात्र नाकारू नये. तो मिळवायला सनदेपेक्षाही कष्ट पडतात.

मुक्तीत १९०५च्या जूनअखेरीस जे घडलं ते याहून निराळं. रात्रंदिवस प्रार्थना, रडणं, ओरडणं, अंगाला आग लागल्याचा अनुभव सांगणाऱ्या मुली. मग त्याच मुलींचे जथे आसपासच्या गावांत सुवार्ता सांगायला निघाले. त्यांच्यातल्या बहुतेक दुष्काळातून आलेल्या, कालपर्यंत निरक्षर. कित्येक मिशनऱ्यांना हा गोंधळ असह्य झाला. मुक्तीत काम करणाऱ्या मिनी अब्राम्स या अमेरिकी बाईंनी १९०६मध्ये त्यावर पुस्तिका लिहिली. ती चिलीच्या वालपाराइसो शहरात विलिस हूव्हर या मेथडिस्ट पाळकाच्या घरी पोचली आणि १९०९मध्ये तिथे पेन्टेकोस्टल चळवळ उभी राहिली. लॉस एंजेलिसच्या अझुसा स्ट्रीटवरची प्रसिद्ध सभा १९०६ची, म्हणजे केडगावनंतरची. तिचा पुढारी विल्यम सेमूर हा काळा माणूस. ह्यूस्टनच्या बायबल वर्गात त्याला गोऱ्यांबरोबर बसू दिलं नाही, म्हणून तो दाराबाहेर बसून धडे ऐके. आज नंदुरबारच्या पाड्यांवर टाळ्या वाजवत, हात उंचावत चालणाऱ्या सभांची वंशावळ कुणी लिहायला घेतली तर तिच्यात केडगावच्या या पोरी आणि दाराबाहेरचा हा विद्यार्थी दोघंही येतील.

टिळकांची गोष्ट वेगळी. १८९३च्या सुमारास नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीच्या डब्यात एका युरोपियन प्रवाशाने त्यांच्याशी गप्पा मारल्या आणि नव्या कराराची प्रत हातात ठेवली. दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असंही तो म्हणाला. त्याचं नाव टिळकांना ठाऊक नव्हतं. तो पाळक होता की रेल्वेतला कारकून, तेही त्यांनी विचारलं नाही. १० फेब्रुवारी १८९५ला मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला तो हट्टाने भारतीय पाळकाच्या हातून. नंतरची वीसेक वर्षं ते अहमदनगरला अमेरिकन मराठी मिशनमध्ये होते: सेमिनरीत शिकवलं, १९०४मध्ये दीक्षा घेतली, १८४२पासून चालत आलेल्या ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकाचा मराठी भाग सांभाळला, शेकडो गाणी लिहिली. म्हणजे सनद होती, पगार होता, मान होता.

आणि १९१७मध्ये त्यांनी ते सगळं सोडलं. पगारी उपदेशकाकडे हिंदू माणूस नोकरदार म्हणून पाहतो, हे त्यांना टोचत होतं. सातारला जाऊन त्यांनी ‘देवाचा दरबार’ सुरू केला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही जागा. आपण ख्रिस्तापाशी तुकोबाच्या पुलावरून आलो, असं ते सांगत. हा पूल त्यांनी उगीच निवडला नव्हता. वेदांचा अधिकार नसलेल्या कुणब्याने गाथा रचली, रामेश्वर भटांनी हरकत घेतली, वह्या इंद्रायणीत गेल्या आणि परंपरा सांगते त्याप्रमाणे तरल्या. महाराष्ट्रात सनदेचा सगळ्यात गाजलेला खटला तोच, आणि त्याचा निकाल पंढरीच्या वाटेवर चालणाऱ्या लोकांनी दिला.

देवाचा दरबार मात्र टिकला नाही. ९ मे १९१९ला टिळक गेले आणि थोड्याच काळात तो विरला. मिशन राहिली, तिच्या इमारती राहिल्या, दरबार राहिला नाही. टिळकांवर प्रेम करणारे लेखक हा भाग घाईने ओलांडतात. तसं करू नये. एका माणसाच्या तेजावर उभी राहिलेली संस्था त्या माणसाबरोबर जाते, आणि तिच्या मागे राहिलेल्यांना धरायला काही उरत नाही. सनद, समिती, हिशेबवही या रुक्ष गोष्टींचा उपयोग तिथे कळतो.

टिळकांचं ‘ख्रिस्तायन’ अपुरं राहिलं, ते पुढे नेलं ते त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी. शाळेत न गेलेल्या, जोडाक्षरांशी दीर्घकाळ झगडलेल्या या बाईंनी त्याचे ६४ अध्याय लिहिले. ख्रिस्ताचं चरित्र ओवीत बांधायला त्यांना कुणी परवानगी दिली नव्हती. ‘स्मृतिचित्रे’ मराठी वाचकाला माहीत आहेत. त्याच हाताने केलेलं हे धर्मशिक्षण फारसं कुणी वाचत नाही.

कागद नसलेल्या उपदेशकाला पारखायचं कसं, याचे नियम ख्रिस्ती परंपरेत फार जुने आहेत. ‘दिदाखे’ नावाची एक छोटी ग्रीक पुस्तिका पहिल्या-दुसऱ्या शतकातली. ती कित्येक शतकं हरवलेली होती. १८७३मध्ये इस्तंबूलच्या एका ग्रंथालयात तिची प्रत सापडली आणि १८८३मध्ये ती छापली गेली. त्या काळी फिरस्ते प्रेषित गावोगाव येत. पुस्तिका सांगते की आलेल्याचं स्वागत करा, त्याला एक दिवस ठेवा, गरज पडली तर दोन. तिसऱ्या दिवशीही हलला नाही तर तो खोटा. निघताना पुढच्या मुक्कामापुरती भाकर द्या. पैसे मागितले तर तो खोटा. अंगात आत्मा आल्याचं सांगून स्वतःसाठी जेवण मांडायला लावणाराही खोटा. शिकवतो ते स्वतः करत नसेल तर तोही खोटाच. सगळ्या कसोट्या गृहिणीच्या आहेत, प्राध्यापकाच्या नाहीत. गावातल्या पोळ्या लाटणाऱ्या बाईला त्या लावता येतात.

सनदेचा हट्ट सत्तेने धरला की काय होतं, हे इंग्लंडात बेडफर्डच्या तुरुंगाने दाखवलं. भांड्यांना डाग देणारा जॉन बन्यन १६६०मध्ये परवानगीशिवाय सभा घेतो म्हणून पकडला गेला. उपदेश सोडतो म्हणाला असता तर सुटला असता. बारा वर्षं आत राहिला. त्याच्या ‘पिल्ग्रिम्स प्रोग्रेस’चं मराठी रूप हरी केशवजींनी १८४१मध्ये ‘यात्रिक क्रमण’ म्हणून आणलं आणि मराठी गद्याच्या इतिहासात त्याची जागा पक्की झाली. उलट पंजाबचे साधू सुंदरसिंग यांना परवाना मिळाला होता. लाहोरच्या सेमिनरीतून बाहेर पडल्यावर, या परवान्याने आपण एकाच चर्चच्या हद्दीत अडकू, असं पाहून त्यांनी तो परत केला आणि भगव्या कफनीत हिंडत राहिले.

आता पुन्हा नंदुरबारकडे. इथल्या पाड्यांवर रविवारी कुणाच्या तरी ओसरीवर सतरंजी पडते. मराठी बायबल, पण गाणी आणि समजावणं बोलीत. सभा घेणारा बहुधा आठवडाभर शेतात किंवा मजुरीवर असतो. त्याचं मोठं भांडवल म्हणजे त्याची ‘साक्ष’: मी असा होतो, प्यायचो, मारायचो, आता असा आहे. ही साक्ष ऐकणाऱ्यांनी त्याला पितानाही पाहिलेलं असतं. शहरातल्या व्यासपीठावर कुणी परगावचा वक्ता हेच सांगतो तेव्हा ते पडताळून पाहायची सोय नसते. पाड्यावर ती असते, म्हणून तिथे साक्षीला किंमत. तो अर्थ चुकवत नाही असं नाही. एखादं वचन मागचापुढचा संदर्भ तोडून सांगणं, जुन्या करारातली शिक्षा आजाऱ्याच्या माथी मारणं, हे घडतं. यावर उपाय म्हणून १९६०च्या दशकात ग्वाटेमालात एक पद्धत निघाली: गावातल्या पाळकाला सेमिनरीत आणण्याऐवजी सेमिनरीच धड्यांच्या रूपाने त्याच्या गावी न्यायची. भारतात १९७१पासून बंगळुरूची टॅफ्टी ही संस्था हेच करते. शेत सोडायचं नाही, भाषा सोडायची नाही, आठवड्याला काही पानं वाचायची आणि गटात बसून त्यावर बोलायचं. यवतमाळला १९५३मध्ये सुरू झालेली आणि १९८३मध्ये पुण्याला गेलेली युनियन बिब्लिकल सेमिनरी हा दुसरा मार्ग आहेच. पण तीन-चार वर्षं पुण्यात इंग्रजीतून शिकलेला मुलगा पाड्यावर परत येईलच याची खात्री कुणी देत नाही.

बाहेरचे परीक्षकही वाढले आहेत. १९७७च्या स्टॅनिस्लॉस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की प्रसाराच्या हक्कात दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क येत नाही. तेव्हापासून सभा घेणाऱ्याकडे बोट दाखवणं सोपं झालं. ‘कुठल्या संस्थेचा? कागद दाखव’ असं दरडावणाऱ्यापुढे सेमिनरीचं प्रमाणपत्र ढालीसारखं वाटतं, म्हणूनही हल्ली ते मिळवण्याची धडपड दिसते. यात धर्मशिक्षण किती आणि भीती किती, हे ज्याचं त्याने ठरवावं.

खरी अडचण चंगाईच्या, म्हणजे आजार बरा व्हावा म्हणून प्रार्थना करण्याच्या, सभेत येते. नंदुरबारच्या आदिवासींमध्ये सिकलसेलचा आजार मोठ्या प्रमाणात आहे. अंगदुखी, कावीळ, रक्त कमी होणं, वारंवार ताप. असं लेकरू घेऊन आई प्रार्थनेला येते. तिच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करणारा आणि मग ‘उद्या सकाळच्या गाडीने चिंचपाड्याला ने, मी येतो सोबत’ असं म्हणणारा माणूस एक. गोळ्या चालू ठेवणं म्हणजे अविश्वास, असं सांगणारा दुसरा. दोघांकडेही सनद नाही. दोघंही तेच बायबल उघडतात. २०१३चा महाराष्ट्राचा जादूटोणाविरोधी कायदा कुठल्याही धर्माच्या माणसाला लागू आहे आणि साप, विंचू, कुत्रा चावलेल्याला उपचारापासून रोखून मंत्रतंत्र करणं त्याने गुन्हा ठरवलं आहे. पण सिकलसेलच्या गोळ्या बंद करायला सांगणारा या शब्दांत सहज सापडत नाही, आणि पाड्यावरून पोलिसांत जाणारही कुणी नसतं. तिथे त्याला अडवू शकतात ती मंडळीतली वडीलधारी माणसं, आणि त्यांना अडवता येतं ते तो त्यांच्यापैकीच असेल तर, त्याच्या सभेचे पैसे कुठे जातात हे त्यांना ठाऊक असेल तर. बाहेरून जीप घेऊन आलेला, मोबाइलवर आपल्या चमत्कारांचे व्हिडिओ दाखवणारा, तीन दिवसांत पुढच्या तालुक्याला निघून जाणारा उपदेशक कुणाच्याच पकडीत येत नाही. त्याच्या नावामागे डॉक्टर लावलेलं असतं, हेही इथे सांगितलं पाहिजे. ती पदवी कुठल्या विद्यापीठाची, हा प्रश्न ओसरीवर बसलेल्या बाईला सुचत नाही. तिला सुचतो तो प्रश्न वेगळा असतो: मागल्या वर्षी याने ज्या पोराला बरं झालं म्हणून उभं केलं होतं, ते पोर आता कुठे आहे.